शंभराचा बाँड

३ मार्च, सोमवार

भिशीच्या वहीत मागली पानं कोरी हायत, त्याच्यावर लिहून राहिले. बोलावं असं कोणी न्हाई. माझी शाळा आठवीपर्यंत. चुकलं तर वही काय हसणार न्हाई.

माझ्या लेकीचे, मैत्रीचे पप्पा घरातून जाऊन आज पाच दिस झाले. महाशिवरात्रीला सकाळी म्हणाले, "वाशीमला जाऊन चक्कीचा पट्टा आणतो." पट्टा आणायला पाच दिस लागत न्हाईत एवढं मलाबी कळतं. फोन बंद येऊन राहिला.

कनेरगाव नाक्यावर रोडाला लागून आमची पिठाची चक्की. एका अंगाला मिरची कांडप. मागं पत्र्याची खोली, तिच्यात आमी तिघं. चक्कीच्या गल्ल्यावर बसून पप्पा भिशी चालवायचे. बाई दळण घेऊन आली की भिशीचा हप्ताबी देऊन जायची. चव्वेचाळीस जण. दर महिन्याला एकाची पाळी, त्याला सगळी रक्कम. जानेवारीत पाळी असलेल्याला पैसे भेटले न्हाईत. फेब्रुवारीतबी न्हाई. आता सगळे माझ्याकडं येऊन राहिलेत.

आज भिशीतला हरिचंद आला, चारजण घेऊन. दारात उभा राहून म्हणतो, "काय वहिनी, नवरा कुठं लपवला? पिठाच्या डब्यात तर न्हाई ना?" बाकीचे हासले. एकानं खरंच डब्याचं झाकण उघडून बघितलं.

मी म्हणलं, "येतील ते. पट्टा आणायला गेले."

"कंबरेला पट्टा बांधूनच पळालाय तो," हरिचंद म्हणाला.

६ मार्च, गुरुवार

हरिचंद गॅसची टाकी घेऊन गेला. जाताना म्हणाला, "पैसे आले की आणून देतो. आमी काय चोर न्हाईत." चुलीवर कपाशीच्या पऱ्हाट्या जाळून भाकर केली. मैत्रीच्या डोळ्यात धूर गेला. तीन वर्साचं लेकरू, ती म्हणती मम्मी तू रडू नको, मी बी रडत न्हाई.

शेजारची गोजरबाई आली. एकटी म्हातारी. तिचे बी भिशीत वीस हजार. "तुझ्या नवऱ्यानं माझ्या मातीला ठेवलेले पैसे खाल्ले गं," म्हणाली. "आता मला मरताबी येत न्हाई." मग पदराखालून वाटीभर पिठलं काढलं. "तुला न्हाई. लेकराला देऊन राहिले."

पिठलं आमी दोघींनी खाल्लं.

१३ मार्च, होळी

पोष्टमननं कोर्टाची नोटीस आणली. तीनदा वाचली. शिवशंकर अमुक तमुक, म्हंजे मैत्रीचे पप्पा, यायनं हिंगोलीच्या कोर्टात अर्ज दिला हाय की मला नादार ठरवा. माझ्याच्यानं देणं फिटत न्हाई, माझ्याकडं जे हाय ते घ्या, लोकाला वाटा अन् मला मोकळं करा. खाली त्यांच्या मालमत्तेची यादी. पहिलीच वस्तू चक्की. मग कांडप, मोटार, वजनकाटा, पत्र्याची खोली.

म्हंजे ते जिते हायत. आधी तेच मनात आलं. तिथंच खाली बसले.

एका जागी लिहिलंय, अर्जदार अविवाहित. टाईप करणाऱ्यानं चूक केली असंल. नाहीतर पप्पानं मुद्दाम लिहिलं असंल, मला अन् मैत्रीला लोकांनी धरू नये म्हणून. तसंच असंल.

पण चक्की माझ्या पैशाची हाय. पुण्याला कंपनीत तीन वर्सं डबे पॅक केले, त्याचे पैसे. वर बायांच्या बचत गटाचं कर्ज काढलं. दुकानदारानं विचारलं, बिल कोणाच्या नावानं? मीच म्हणलं, यायच्या नावानं करा. बाईच्या नावानं चक्की, लोक काय म्हणतील यायला.

१७ मार्च, सोमवार

हिंगोलीला गेले. बायांला कोर्टात फुकट वकील भेटतो असं गटातल्या बायांनी सांगितलं. वकीलबाई तरणी हाय, माझ्यापेक्षा चार-पाच वर्सानं मोठी असंल. बोलती शहरातल्यावानी पण नीट ऐकून घेती.

मी आमच्या लग्नाचा बाँड नेला होता. ट्रंकेत जपून ठेवलेला, लॅमिनेशन केलेला. शंभराचा स्टँपपेपर, आमचे दोघांचे फोटू, लाल शिक्का. चार वर्सामागं ह्याच कोर्टाच्या आवारात लिंबाखाली टेबल मांडून बसतो त्या माणसाकडून केला. पप्पाच्या घरचे मला घरात घेणार न्हाईत म्हणून कोर्टमॅरेज केलं. नंतर भजे खाल्ले.

वकीलबाईनं वाचला. मग परत वाचला. म्हणाली, "सपनाताई, हे लग्न नाही."

मी म्हणलं, "शिक्का हाय ना."

"शिक्का नोटरीचा आहे. यात एवढंच लिहिलंय की आम्ही राजीखुशीनं एकत्र राहतो. विहारात विधी केला होता का? रजिस्टर ऑफिसात गेला होता का?"

"न्हाई. तो टेबलवाला म्हणाला, झालं."

"असे रोज दहा होतात इथं."

"मग चार वर्सं आमी काय केलं बाई?"

तिनं माझ्याकडं पाण्याची बाटली सरकवली. मग म्हणाली, ह्याच कागदात खाली एक ओळ आहे, ज्याची मिळकत ज्याची त्याची राहील. टेबलवाल्यानं दुसऱ्या कागदावरून उतरवली असंल. पण तिच्यावर उभं राहता येतं. तुझ्या पासबुकात बिलाच्याच तारखेला पैसे काढल्याची नोंद आहे. कोर्टात सांगायचं, मी ह्याची बायको नाही, मी वेगळी, चक्की माझ्या पैशाची, बिल नावापुरतं त्याचं. बायको म्हणून उभी राहिलीस तर ते म्हणतील नवऱ्यानं संसारासाठी घेतली. अन् बायको आहेस हे दाखवायला तुझ्याकडं लग्नाचा कागदही नाही. दोन्हीकडून जाशील.

"अन् मैत्री?"

"मुलीचा हक्क बापावर राहतोच. तो असा जात नाही."

जीपमधे येताना बाँड पदराखाली धरला होता. माझं लग्न झालं न्हाई हे नाक्यावर फक्त मला माहीत हाय.

२६ मार्च, बुधवार

आज तातेराव भाऊजीकडं गेले. पप्पाचे थोरले भाऊ. नाक्यापासून चार किलोमीटर, मैत्रीला काखेत घेऊन पायी गेले. त्यांच्या घरात मी कधी गेले न्हाई, ओट्यापर्यंतच. आजबी ओट्यावरच बसले.

घराला रंग देऊन राहिले होते, पाडव्यासाठी. द्वारकाबाई जाऊबाईपाशी नव्या पातळांचा ढीग. एवढी पातळं पाडव्याला! अंगणात नवी पांढरी गाडी. देवानं त्यांला दिलं. पप्पा भिशीचे पैसे भाऊजीकडंच ठेवायला न्यायचे, घरात जोखीम नको म्हणून. तवा यांचं एवढं बरं नव्हतं.

भाऊजी चांगलं बोलले. आजपावतर एवढं कधी बोलले नव्हते. म्हणाले, "तो इथं न्हाई. वसमतकडं हळद शिजवायच्या कामाला गेला. त्याचंबी डोकं ठिकाणावर न्हाई."

"एकदा फोन करा म्हणा भाऊजी. लेकरू विचारतंय."

"सांगतो. अन् हे बघ, तू काही कोर्टात येऊ नको. आली तर लोक तुलाबी धरतील. गप राहा. चक्की लिलावात निघू दे, मीच घेतो. घरातली वस्तू घरात राहील. मग तूच चालव."

द्वारकाबाईनं चहा दिला. कागदाच्या कपात. मैत्रीला बिस्कुट दिलं. मी उठले तर म्हणाली, "सांभाळून जा बरं."

घरातली वस्तू घरात. मला बरं वाटलं. वकीलबाईला फोन करून सांगितलं की आता मी येत न्हाई, भाऊजी बघून घेऊन राहिले. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "लिलावात घेतलेली वस्तू ज्यानं घेतली त्याची होते, ताई. नंतर तुला देईन असं त्यांनी लिहून दिलंय का?"

लिहून काय द्यायचं. घरातले हायत.

२ एप्रिल, बुधवार

चक्कीला सील लागलं.

कोर्टानं नेमलेला रिसीवर साहेब आला, दोन माणसं अन् पोलीसपाटील घेऊन. नेमका मिरचीचा सीझन, कांडपाला बायांची रांग होती. साहेब म्हणाला, बंद करा. मी बटन दाबलं. ढण ढण चाललेलं कांडप थांबलं तर सगळ्या नाक्यावर शांत झालं, ढाब्यावरचे लोक बघायला आले.

आत सतरा डबे होते लोकांचे. बाया चिडल्या. गोजरबाई पुढं झाली, "साहेब, माझी भिशी गेली ते गेली, ज्वारीचं पीठ तरी सोडा."

साहेबानं एकेक डबा बाहेर काढून दिला अन् एकेक लिहिला. "गोजरबाई, ज्वारीचं पीठ, अंदाजे चार किलो."

"अंदाजे काहून? साडेपाच हाय. मोजा!"

लोक हासले. साहेबबी हासला. मला बी हसू आलं अन् तसंच रडू आलं.

मागली खोली सध्या राहायला दिली. साहेबाला विचारलं, लिलावात कोण घेणार? म्हणाला, "एक तातेराव म्हणून आलते चौकशीला. म्हणाले, यंत्र काढून नेणार, तिकडं गावात बसवणार."

काढून नेणार.

५ एप्रिल, शनिवार

दोन दिस कामाला गेले, हळद वेचायला. आज मुकादमानं नको म्हणलं. लेकरू संगं असल्यावर काम होत न्हाई म्हणतो. पीठ संपलं. चक्कीवालीच्या घरात पीठ न्हाई.

दुपारी रोडाच्या कडंला उभी राहिले. ट्रक जाऊन राहिले होते. बराच वेळ उभी होते. मैत्रीचा हात माझ्या हातात. ती म्हणाली, "मम्मी, पाय भाजतेत." तवा बघितलं तिच्या पायात चप्पल न्हाई. उचलून माघारी आले.

हे कोणाला सांगायचं न्हाई.

वकीलबाईला फोन केला. म्हणलं येते मी.

१४ एप्रिल, सोमवार, जयंती

नाक्यावर निळे झेंडे. मैत्रीला पांढरा फ्राक घातला अन् विहारात मागं उभी राहिले. आपलीच माणसं, पण कोणी पुढं ये म्हणलं न्हाई.

चारला बाबा आले. माझे बाबा, पुंजाजी. चार वर्सात पहिल्यांदा. वसमतहून यष्टीनं आले, जयंतीचा नवा सदरा अंगात. आत आले न्हाईत, दारातल्या दगडावर बसले. मैत्रीनं विचारलं, "तुमी कोण?" म्हणाले, "पाव्हणा." पिशवीतून तांदूळ काढले, बुंदी काढली. मायनं दिलेली.

मी सगळं सांगितलं. बाँडाचंबी. बाबा खाली बघत होते.

"चार वर्सं," म्हणाले, "लोकांनी तोंडावर विचारलं, पुंजाजी, पोरगी पळाली का? मी म्हणलं, पळाली न्हाई, कोर्टात लग्न केलं तिनं. कायद्यानं केलं. भावकीत भांडलो मी त्याच्यावर."

"बाबा, मला बी तसंच वाटलं होतं."

"आता त्याच कोर्टात उभी राहून सांगणार, केलं न्हाई म्हणून?"

"न सांगितलं तर चक्की जाती."

"चक्की गेली तर वसमतला ये."

"अन् तिथं काय सांगू कोणाला? तिथंबी तेच विचारतील."

बाबांनी बोटानं मातीत रेघा मारल्या. मग उठले. "सांग मग. तुझ्या घामाची हाय. मी ऐकायला येणार न्हाई, मला ऐकवणार न्हाई." मैत्रीच्या डोक्यावर हात ठेवला अन् गेले. यष्टीपर्यंत सोडायला जाऊ दिलं न्हाई.

२१ एप्रिल, सोमवार

लई दमले. पण आजच लिहिते.

कोर्टात नाक्याचे निम्मे लोक. हरिचंद, गोजरबाई, सगळे भिशीवाले. एका बाजूला तातेराव भाऊजी अन् त्यांच्या मागं मैत्रीचे पप्पा. दोन महिन्यांनी दिसले. चेहरा भरलाय. नवा पांढरा शर्ट. डोक्याला रुमाल बांधलेला. नखं पिवळीजर्द, कानामागंबी पिवळं. हळदीच्या कढईपाशी राबून राबून तसं झालं असंल. मला त्यांची कीवच आली. मैत्री "पप्पा" म्हणून वरडली. यायनं बघितलं न्हाई. भाऊजीनं खांद्यावर हात दाबून धरला होता.

जजसाहेबांनी त्यांला विचारलं, "ही बाई कोण तुमची?"

म्हणाले, "कामाला होती आमच्या चक्कीवर."

मला आधी कळलंच न्हाई कोणाबद्दल बोलून राहिले.

कामाला होती.

मग मला बोलावलं. वकीलबाईनं जे शिकवलं ते सगळं डोक्यातून गेलं. जजसाहेब म्हणाले, "तुम्ही यांच्याकडं कामाला होता?"

मी म्हणलं, "साहेब, कामाला होते तर चार वर्सांचा पगार द्या म्हणा. रोज सकाळी सहा ते रात्री आठ. अन् लेकरू झालं त्या दिशीचा बी."

मागं कोणीतरी हासलं. हरिचंद असंल. पट्टेवाला वरडला, शांतता.

"मग नवरा आहे का हा तुमचा?"

गोजरबाई माझ्याकडं बघून राहिली होती. बाबा न्हाईत हे बरं झालं असं वाटलं, अन् असायला पायजे होते असंबी वाटलं.

"न्हाई," मी म्हणलं. "माझा नवरा न्हाई. मला वाटलं होतं हाय. आमी एकत्र राहत होतो. चक्की माझ्या पैशाची हाय."

वकीलबाईनं पासबुक दिलं, बाँड दिला. लॅमिनेशन कापून कागद बाहेर काढला तर माझ्या फोटूचा तुकडा प्लास्टिकला चिकटून निघाला. त्यांचा फोटू शाबूत राहिला.

भिशीवाल्यांचा वकील बोलला, भाऊजीचा वकील बोलला. शेवटी साहेबांनी सांगितलं, चक्की कोणाची ते ठरेपर्यंत लिलाव न्हाई. तोवर चक्की माझ्या ताब्यात, लिहून घेऊन. मोडायची न्हाई, हलवायची न्हाई, कमाईतला अर्धा भाग कोर्टात भरायचा. पुढली तारीख जूनमधे.

बाहेर आले तर पप्पा नव्या गाडीत बसून गेले होते.

जीपमधे गोजरबाई शेजारी बसली. म्हणाली, "सपना, शिजवायची हळद हातापायाला लागती. कानामागं लागत न्हाई."

"लागती. घाम पुसताना लागती."

"लागती बाई," म्हणाली अन् खिडकीबाहेर बघत बसली.

म्हातारी काही बी बोलती. वय झालं.

कामाला होती, हे भाऊजीनंच शिकवलं असंल. पप्पा मनानं तसे न्हाईत.

२३ एप्रिल, बुधवार

सील काढलं. पट्ट्याला उंदरानं कुरतडलं होतं, सुतळीनं बांधून चालू केला. सकाळपासून दारात बसले. एकबी दळण आलं न्हाई. बाया समोरून डबे घेऊन गोरेगावच्या जीपला जाऊन राहिल्या. एक म्हणाली, मला ऐकू येईल अशी, "लग्न न्हाई, काही न्हाई, अन् तोंड केवढं." दुसरी म्हणाली, "भिशी बुडवणाऱ्याच्या चक्कीत दळण घालायचं का?" मी म्हणलं, "त्याची न्हाई, माझी हाय." ती म्हणाली, "व्हय, कोर्टात ऐकलं आमी कोणाचं कोण ते."

हरिचंदनं टाकी आणून ठेवली. रिकामी. "तू त्याची कोणीच न्हाई म्हणल्यावर तुझी वस्तू ठेवून काय करू," म्हणाला अन् माझ्याकडं न बघता गेला.

कमाई काहीच न्हाई. अर्धा भाग कशातला भरायचा?

२४ एप्रिल, गुरुवार

दुपारी एक छोटा टेम्पो थांबला. ग्यानबा नावाचा माणूस, पन्नाशीचा. म्हणाला, "ताई, गावातली डीपी जळाली, लाईट न्हाई दोन दिसापासून. एवढं आजच दळून द्या." गव्हाची तीन पोती, हरभऱ्याच्या डाळीचं एक. दोन महिन्यात एवढं दळण बघितलं न्हाई. मी पटकन चालू केली, तो दुसरीकडं जाऊ नये म्हणून.

पहिलं पोतं टाकल्यावर विचारलं, "काय कार्यक्रम हाय काका?"

"उद्या गोंधळ हाय. पुरणपोळ्या अन् बेसनलाडवाचं जेवण."

"कोणाकडं?"

"आमच्या मालकाकडं. तातेरावकडं. मी पाडव्यापासूनच सालगडी लागलो, मला सगळी ओळख न्हाई अजून. मालकाच्या धाकल्या भावाचं लग्न झालं ना परवा, मंगळवारी. नव्या जोडीचा गोंधळ."

चक्कीचा आवाज लई होता. मी म्हणलं, "काय म्हणले?"

त्यानं परत सांगितलं, मोठ्यानं. परवा लग्न झालं. पोरगी सेनगावकडची. हळदीच्या दुसऱ्याच दिशी नवरदेवाला कोर्टात जावं लागलं, मालकीणबाई लई चिडल्या, हळद लागलेल्या पोरानं उंबरा ओलांडू नये म्हणून. सगळं सांगितलं. भला माणूस हाय, त्याला काय माहीत.

मी चक्कीत गहू टाकत होते. हात थांबला न्हाई. थांबला असता तर दगडाला दगड घासला असता.

मैत्री पिठाच्या ढिगापाशी बसली होती. ग्यानबानं तिच्या हातावर शेंगदाणे ठेवले. "नाव काय बाळा? बाप कुठंय?"

"हळद शिजवायला गेले," मैत्री म्हणाली.

मला वाटलं चक्की बंद करावी. पोती उचलून रोडावर टाकावी. त्यात राखुंडी कालवावी असंबी वाटलं, खोटं कशाला लिहू. चुलीची राख मागंच होती, दोन पावलावर. मग वाटलं, चक्की माझी हाय असं साहेबाला सांगून आले. अन् दुसरं दळणच न्हाई.

डाळ रवाळ काढली. गव्हाचं पीठ हातात घेऊन बघितलं, गरम होतं, जरा जाड निघालं होतं. जाड पिठाची पुरणपोळी लाटताना फाटती. सगळं परत चक्कीत घातलं अन् बारीक काढलं. ग्यानबा म्हणाला, "ताई, राहू द्या, चालतं." मी म्हणलं, "थांबा."

पैसे बराबर घेतले. एक रुपया सोडला न्हाई. अर्धे कोर्टासाठी बाजूला ठेवले.

टेम्पो गेल्यावर चक्की बंद केली अन् तिथंच पिठात बसले. दुसऱ्यांदा काहून दळलं ते मला अजून कळून न्हाई राहिलं.